चित्र दाखवताना मजकूर कापू नका

लघुचित्रांचा भाग आला की आपण काय करतो? नेटवर एखादं सुंदर इराणी चित्र शोधतो, वर-खाली असलेला मजकूर कापतो आणि प्रोजेक्टरवर लावतो. मीही वर्षानुवर्षे हेच केलं. एकदा घाईत पान न कापताच लावलं, तर पहिलाच प्रश्न आला, "सर, हे अक्षर कोणी काढलंय?"

खरं तर इराणी दरबारात हाच प्रश्न आधी विचारला गेला असता. तिथे चित्र हा पुस्तकाचा एक भाग होता आणि मोठा मान सुलेखनकाराचा. तैमूरचा नातू बायसुनगुर याचा हेरातला किताबखाना होता. नाव ग्रंथालयाचं, पण तिथे पुस्तकं घडवलीही जात. प्रमुख होता जाफर तब्रीझी, स्वतः नामांकित सुलेखनकार. त्याचा मानला जाणारा कामाचा एक अहवाल आजही इस्तंबूलला आहे. कोणाचं काम कुठवर आलं, हे त्यात माणसागणिक लिहिलंय. शाहनाम्याची नक्षी काढणाऱ्या एकाचे डोळे काही दिवस दुखत होते, हीसुद्धा नोंद आहे! (आपल्या अहवालांत एवढी माणुसकी कुठे असते?) तो शाहनामा 1430 साली पूर्ण झाला. आज तो तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्यात आहे.

कागदाला खळ लावून तो घोटून गुळगुळीत करायचे. दोरे ताणलेल्या पुठ्ठ्यावर कागद दाबून ओळी उमटवायच्या. मग तिरक्या कापलेल्या बोरूने नस्तालीक लिपीत मजकूर. चित्राची जागा लिहितानाच मोकळी सोडलेली असे. चित्रकार, नक्षीकार, बांधणी करणारा हे सगळे त्यानंतर. म्हणजे आपण जे कापून टाकतो, ते पानावर आधी आलेलं असतं.

आपण निदान पडद्यावर कापतो. शाह तहमास्पच्या शाहनाम्यात 759 पानं आणि 258 चित्रं होती. 1568 साली तो ऑटोमन सुलतानाला भेट गेला. 1959 मध्ये आर्थर हॉटन या अमेरिकन संग्राहकाने तो घेतला आणि पुढे पानं सुटी करून जगभर पांगवली. सुटं चित्र विकलं जातं ना! 1994 मध्ये उरलेला ग्रंथ 118 चित्रांसह इराणला परत मिळाला, तोही डी कूनिंगच्या एका चित्राच्या बदल्यात.

"मुलांना फारसी कुठे वाचता येतं?" असं काही जण म्हणतील. न येऊ दे. मजकुराचे रकाने मोजता येतात, ओळी कुठे थांबून चित्र सुरू होतं ते दिसतं. दौत, कलम, कागद हे शब्द मराठीत फारसीतूनच आले, हे सांगितलं की मुलं अजून जवळ सरकतात. पुढच्या तासाला पूर्ण पान लावून बघा आणि पहिली पाच मिनिटं काही बोलू नका.