छत्तीस फोटो

वस्तीतलं पोरगं कॉलेजच्या फोटोंच्या कामासाठी जुना रोलचा कॅमेरा शोधतंय. मला विचारतं, दादा, कुठला घेऊ? मी मिरकरवाडा बंदरावरचा मॅट्रिक हमाल. तरी सांगतो. पेंटॅक्स के-१००० बघ, १९७६ साली निघालेला. सेल मेला तरी शटर पडतं, फक्त उजेड मोजणारा काटा झोपतो. घेण्याआधी लेन्स उजेडाकडे धर, आपल्या दमट हवेत आत बुरशी धरते. उरलेला पैसा रोलात घाल. एका रोलात ३६ फोटो. रत्नदुर्गावरचा सूर्यास्त टुरिस्ट काढतातच. माझा बाप गोणी वाहता वाहता गेला, घरात त्याचा एक फोटो नाही. बर्फ ओढणाऱ्याचा काढ, त्याला विचारून, समोरून. आमच्या पाठी लय छापून झाल्यात.