बर्फाळ सागरातील उलाढाल आणि शिल्लक

गेल्या पावसाळ्यात नगरच्या मार्केट यार्डाजवळ एका स्नेह्यांच्या खत-बियाण्यांच्या दुकानात बसलो होतो. नेवाशाकडचे एक शेतकरी उसाचे पान घेऊन आले. पान पिवळे-पांढुरके पडले होते. शिरा तेवढ्या हिरव्या होत्या. ते म्हणाले, "शेठ, युरिया दोनदा दिला. तरी ऊस हिरवा होईना."

स्नेह्यांनी पान उजेडात धरले. "दादा, युरिया कितीही टाका, उपयोग नाही. हा केवडा आहे. हिराकस न्या आणि शेणखतात मुरवून मग टाका."

हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, लोहाचा क्षार. आपल्या जिल्ह्यातील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत लोह नसते असे नाही. परंतु चुन्यामुळे ते असे बांधले जाते की मुळांना घेता येत नाही. म्हणून राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची अशा जमिनीतील उसासाठी शिफारस आहे, ती हेक्टरी २५ किलो हिराकस शेणखतात मुरवून देण्याची. नत्र, स्फुरद, पालाश, पाणी, ऊन सर्व भरपूर. तरी लोहावाचून सारे अडते.

हेच हिराकस एकदा जहाजात भरून दक्षिण महासागरात ओतले गेले होते, आणि त्या कामात गोव्याच्या शास्त्रज्ञांचा मोठा वाटा होता, असे सांगितले तर सुज्ञ वाचकांना आश्चर्य वाटेल. आजच्या सदरात तीच हकीकत सांगावयाची आहे.

ध्रुवाजवळचा समुद्र म्हटला की निर्जीव, गोठलेले पाणी डोळ्यांसमोर येते. वस्तुस्थिती निराळी आहे. ते पाणी उणे १.८ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठते. तरीही त्यात केसाच्या जाडीहून लहान अशा हिरव्या पेशी अब्जावधींच्या संख्येने वाढतात. त्यांना वनस्पती प्लवक म्हणतात. सूर्यप्रकाश आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून त्या अन्न तयार करतात. पृथ्वीवर प्रकाशसंश्लेषणाने जेवढे अन्न निर्माण होते, त्यापैकी जवळजवळ निम्मे सागरातील या सूक्ष्म पेशी निर्माण करतात. त्यांवर क्रिल नावाचे कोळंबीसारखे जीव जगतात आणि क्रिलवर पेंग्विन, सील व देवमासे.

एवढ्या थंडीत ही वाढ होते तरी कशी? उष्ण प्रदेशातील समुद्रात तापलेले हलके पाणी वरच्या थरात तरंगत राहते आणि खोल पाण्यातील नायट्रेट-फॉस्फेट वर येऊ देत नाही. दुकानात गिऱ्हाईक आहे, पण गोदामाला कुलूप, अशी ती अवस्था. ध्रुवीय समुद्रात हिवाळ्यातील वादळे तळचे आणि वरचे पाणी घुसळून काढतात. माल वर येतो, पण तेव्हा सूर्य नसतो. वसंतात सूर्य परततो, बर्फ वितळून गोड्या पाण्याचा हलका थर वर पसरतो आणि त्या थरात पेशी उजेडात टिकून राहतात. मग काही आठवड्यांत सागर हिरवा होतो. वर्षभराचा व्यापार एका हंगामात व्हावा, तसे हे आहे.

या शास्त्राशी मराठी माणसाचा जुना संबंध आहे. नागपूर येथे १९४३ साली जन्मलेल्या, पुणे विद्यापीठात शिकलेल्या डॉ. अदिती पंत यांनी सागरी शैवालांच्या शरीरक्रियेवर लंडनमध्ये पीएच.डी. केली आणि पुढे गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम केले. १९८३-८४ च्या तिसऱ्या भारतीय अंटार्क्टिक मोहिमेत त्या आणि भूवैज्ञानिक डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता सहभागी झाल्या. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकाला जाणाऱ्या त्या पहिल्या दोन महिला होत.

अशा शास्त्रज्ञांच्या कामाची एक रीत आपल्या घरांतील आजींना ओळखीची वाटेल. ते समुद्राचे पाणी अतिसूक्ष्म गाळण्यातून गाळतात, गाळण्यावर राहिलेल्या पेशींतील हरितद्रव्य काढतात आणि त्यावरून पाण्यात किती प्लवक आहे ते ठरवतात. आपल्या घरी पाणी गाळून घेताना पूर्वजांनी जे डोळ्यांना न दिसता मानले, ते येथे मोजले जाते.

या मोजणीतून एक कोडे पुढे आले. दक्षिण महासागराच्या मोठ्या भागात नायट्रेट-फॉस्फेट विपुल, उन्हाळ्यात प्रकाशही पुरेसा. तरी प्लवक थोडेच. अमेरिकन समुद्रशास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस उत्तर सुचवले: उणीव लोहाची आहे. वाळवंटातील धूळ तेथवर फारशी पोहोचत नाही आणि प्राणवायूयुक्त खाऱ्या पाण्यात लोह विरघळलेले टिकत नाही. थोडक्यात, त्या सागराला केवडा झाला होता.

येथून एक मोह निर्माण झाला. प्लवक वाढले की ते हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषणार; मेलेल्या पेशी खोल तळाकडे गेल्या की तो कार्बन शतकानुशतके हवेबाहेर राहणार. मग सागरात लोह टाकून जगाचे तापमान आवरता येईल आणि अशा साठवलेल्या कार्बनचे प्रमाणपत्र विकताही येईल, असे हिशेब मांडले जाऊ लागले.

हा हिशेब तपासण्यासाठी गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी २००९ साली संयुक्त प्रयोग केला. त्याचे नाव 'लोहाफेक्स'; त्यातील 'लोहा' आपलाच. नेतृत्व डॉ. वाजिह नक्वी आणि डॉ. व्हिक्टर स्मेटाचेक यांचे. 'पोलारस्टर्न' हे जहाज जानेवारीत केपटाऊनहून निघाले आणि वादळ उठले. सागराशी खेळ नको, म्हणून पर्यावरणवादी संस्थांनी आक्षेप घेतला. जर्मनीच्या पर्यावरण मंत्रालयानेही प्रयोग थांबवावा अशी भूमिका घेतली. तज्ज्ञांकडून परीक्षण झाल्यावर महिनाअखेरीस अनुमती मिळाली.

दक्षिण अटलांटिकमधील एका मोठ्या भोवऱ्यात, ३०० चौरस किलोमीटर क्षेत्रावर, दोनदा मिळून चार टन लोह हिराकसच्या रूपाने सोडले गेले. प्रत्येक वेळचे हिराकस सुमारे दहा टन. हिशेब करून पाहा: ३०० चौरस किलोमीटर म्हणजे ३० हजार हेक्टर. हेक्टरी एका वेळी अवघे एक तृतीयांश किलो! उसाला जेथे पंचवीस किलो लागते, तेथे सागराला मूठभर पुरले. हरितद्रव्य आणि उत्पादकता दोन्ही दुप्पट झाली.

शास्त्रज्ञ ३९ दिवस त्या पट्ट्यावर लक्ष ठेवून होते. आणि निष्कर्ष? खोल पाण्याकडे जाणारा कार्बन लोह टाकलेल्या पट्ट्यात आणि बाहेर जवळजवळ सारखाच आढळला. उलाढाल दुप्पट, शिल्लक जेथल्या तेथे.

कारणे दोन. तळाकडे लवकर जाणाऱ्या डायटम पेशींना काचेसारखे कवच लागते आणि त्यासाठी विरघळलेली सिलिका हवी. त्या पाण्यात ती संपत आली होती, म्हणून डायटम एकूण प्लवकाच्या दहा टक्क्यांहूनही कमी राहिले. एक उणीव भरून काढताच दुसरी आडवी आली. जे इतर प्लवक वाढले, ते कोपेपॉड नावाच्या सूक्ष्म प्राण्यांनी खाल्ले आणि त्यांना त्यांच्याहून मोठ्या जीवांनी. खाल्लेला बराचसा कार्बन श्वासावाटे वरच्या पाण्यातच परतला.

याच जहाजावरून २००४ साली सिलिका विपुल असलेल्या पाण्यात झालेल्या प्रयोगात मात्र वाढीचा मोठा हिस्सा हजार मीटरहून खोल गेला होता. म्हणजे लोहाचा सिद्धान्त खोटा नाही. पण एका जागचा ताळेबंद दुसऱ्या जागी लागू पडत नाही. २००८ सालीच लंडन कराराच्या सदस्य राष्ट्रांनी, शास्त्रीय संशोधन वगळता सागरात असे खत टाकू देऊ नये, असा ठराव केला होता. लोहाफेक्सने त्या सावधगिरीला वजन दिले.

आपण व्यापारी माणसे. दिवाळीत वहीपूजन करताना वर्षाची विक्री पाहून कोणी समाधान मानीत नाही; देणी-घेणी वजा जाता काय उरले ते पाहतो. सागर हिरवा दिसला एवढ्यावरून कार्बन जमा झाला असे समजून प्रमाणपत्रे विकली असती, तर तो खोट्या शिलकेचा व्यवहार ठरला असता. गोव्याच्या शास्त्रज्ञांनी अपेक्षेविरुद्ध आलेला आकडा जसाच्या तसा जगापुढे ठेवला, ही त्यांची प्रामाणिक वही.

पाणी गाळल्यावर गाळण्यातील जीव पुन्हा मूळ पाण्यात सोडण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. न दिसणाऱ्या जिवांच्या घरात हात घालताना तो जपून घालावा, एवढेच तिच्यामागे आहे. नेवाशाच्या त्या शेतकऱ्याने हिराकस नेले. त्याचा ऊस हिरवा झाला असेल. शेताची कड दिसते, सागराची दिसत नाही.