दारूचा पैसा मुंबईला, उपचार कुठाय?

गेल्या आठवड्यात आर्णीहून एका जुन्या मित्राचा फोन आला. "भाऊ, आता सोडाची हाय मले. कोठी जाऊ सांग." पंधरा वर्षं रोज पिणारा माणूस. मागे एकदा स्वतःच बंद करून पाहिली, तर तिसऱ्या दिवशी फिट आली. इतकी वर्षं पिणाऱ्याने एकदम थांबवली की असं होऊ शकतं, जीवही जाऊ शकतो. तिथे नुसता निर्धार पुरत नाही. डॉक्टर लागतो, औषधं लागतात, आणि नंतर कित्येक महिने खेपा.

पुण्यात बसलेल्या माझ्या तोंडात पटकन नाव आलं ते १९८६ पासून चालणाऱ्या मुक्तांगणचं. पण रोजंदारीवाल्याला पुणं परवडणार? यवतमाळचं सरकारी मेडिकल कॉलेज चाळीसेक किलोमीटर. म्हणजे दर खेपेला एसटीचं भाडं आणि एक बुडालेली मजुरी. बाटली मात्र चालत जाऊन मिळते!

जून २०२५ मध्ये राज्य सरकारने दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं. अपेक्षा काय, तर वर्षाला १४,००० कोटी जादा. त्यातला किती पैसा व्यसनमुक्तीला जाईल, असं बंधन? काही नाही. सगळं तिजोरीत. प्रोग्रामरच्या भाषेत सांगायचं तर ग्लोबल व्हेरिएबल. ज्याला हवं त्याने ओव्हरराइट करावं.

आता अमेरिकेचं बघा. तंबाखू कंपन्यांशी १९९८ मध्ये मोठी तडजोड झाली, राज्यांना अब्जावधी डॉलर मिळाले आणि बराचसा पैसा बजेटची भोकं बुजवण्यात गेला. दुधाने तोंड पोळलं की ताक फुंकून पितात. वेदनाशामक ओपिऑइड गोळ्यांच्या व्यसनाबद्दल २०२१ मध्ये औषधकंपन्यांशी २६ अब्ज डॉलरची तडजोड झाली, तेव्हा किमान ८५ टक्के रक्कम या व्यसनाच्या निवारणासाठीच, अशी अट घातली गेली. अनेक राज्यांनी कायदे करून वेगळे निधी उभारले.

"तो कंपन्यांचा पैसा, आपला कराचा," असं कुणी म्हणेल. बरं, मग तुमची पगाराची स्लिप काढा. दर महिन्याला कापला जाणारा २०० रुपये व्यवसाय कर दिसतोय? तो १९७५ च्या कायद्याने आणला रोजगार हमी योजनेसाठी! म्हणजे कर एका कामासाठी बांधणं महाराष्ट्राला पन्नास वर्षांपासून येतं.

"त्यापेक्षा दारूबंदीच करा ना." शेजारच्या चंद्रपुरात २०१५ मध्ये केली, २०२१ मध्ये उठवली. बंदी हवी की नको यावर भांडू खुशाल, पण ज्याचे हात आज थरथरताहेत त्याला बंदीतही उपचार लागतोच. गडचिरोलीत बंदी १९९३ पासून आहे, तरी २०१६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तिपथला तालुक्याच्या ठिकाणी उपचाराची सोय करावी लागली.

माझी मागणी साधी आहे. वाढीव १४,००० कोटींतले फक्त २ टक्के कायद्याने वेगळे काढा. होतात २८० कोटी. ३५८ तालुक्यांत वाटले तर तालुक्यामागे पाऊण कोटीच्या वर. एक डॉक्टर, दोन समुपदेशक, औषधं आणि चार खाटा यात सहज बसतात.

मित्र यवतमाळला जाऊन आला. पुढची तारीख पंधरा दिवसांनी आहे. तोवर घर ते स्टँड या रस्त्यावर दुकानं लागतातच. तिथे तो थांबला, तर सरकारला महसूल. नाही थांबला, तर त्याच्यासाठी सरकारकडे काय आहे?