पाटीवरचं ‘इंटरनॅशनल’ आणि दारातला शेजारी

दोस्तांनो, आज एक काम करा. तुमच्या गावात किंवा एरियात एक चक्कर मारा आणि शाळांच्या पाट्या वाचा. ‘इंटरनॅशनल’ नसलेली पाटी शोधावी लागेल. पत्र्याच्या शेडमधली शाळा इंटरनॅशनल, एसी बसवाली तर आहेच आहे. त्यात एखाद्या सेंटचं नाव जोडलेलं असलं की विषयच संपला! मग त्या शाळेचा चर्चशी काडीचा संबंध नसला तरी चालतंय. आईबाबांचं गणित सोपं असतं: सेंट म्हणजे शिस्त, इंटरनॅशनल म्हणजे इंग्रजी. पोराचं भलं झालं!

पण या शब्दांचा खरा अर्थ आपण कधी तपासलाय का? ख्रिस्ती शाळेची मूल्यं म्हणजे नेमकं काय? आणि सहा-सात वर्षांच्या मुलाला ‘जगाचं’ करायचं म्हणजे काय करायचं? ‘आम्हाला काय त्याचं, आमची शाळा संपली’ असं म्हणू नका. तुमच्यातले काही जण उद्या शिक्षक होणार आहेत. आणि बाकीचे दहा वर्षांत स्वतःच्या पोराच्या ॲडमिशनसाठी रांगेत उभे असणार आहेत, लिहून ठेवा.

आधी ‘इंटरनॅशनल’चं बघू. १९६८ साली जिनिव्हात सुरू झालेला ‘आयबी’ म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट हा अभ्यासक्रम तुम्ही ऐकला असेल. १९९७ पासून त्यांचा प्राथमिक वर्गांसाठीही कार्यक्रम आहे. त्यांच्या ध्येयामागचा एक विचार साध्या मराठीत सांगायचा तर असा: समोरचा माणूस आपल्यापेक्षा वेगळा आहे आणि तरीही तो बरोबर असू शकतो. बस्स. यात फाडफाड इंग्रजी नाही, फॉरेन ट्रिप नाही. उलट मुलाची मातृभाषा जपा, वाढवा, असंच हे लोक सांगतात.

आता ख्रिस्ती मूल्यांचं. बायबलमधली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट मिशनच्या शाळेत शिकलेल्यांना पाठ असेल. एका माणसाला वाटेत लुटारू गाठतात, अर्धमेला करून टाकून जातात. त्याच्याच धर्मातला याजक येतो, बघतो, पुढे जातो. लेवी येतो, तोही कडेने निघून जातो. थांबतो कोण? तर शोमरोनी. ज्यांचं यहुद्यांशी पटत नव्हतं, त्यांच्यातला माणूस. तो जखमा बांधतो, धर्मशाळेत नेतो, खर्चही देतो. ही गोष्ट येशूने सांगितली ती ‘माझा शेजारी कोण?’ या प्रश्नावर. म्हणजे बघा, ख्रिस्ती शाळेचं हे मूल्य आणि इंटरनॅशनल शिक्षणाचा गाभा, दोन्ही एकाच जागी येऊन थांबतात. परका वाटतो तो शेजारी आहे, हे मुलाला कळलं पाहिजे.

आणि ही नुसती पुस्तकी गोष्ट नाही, आपल्याच मातीत ती घडलीय. सिंथिया फरार ही अमेरिकन बाई १८२७ मध्ये मुंबईत आली आणि पुढे तेव्हाच्या अहमदनगरात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, मुलींच्या शाळा चालवत राहिली. जोतिराव फुले स्वतः पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. नगरच्या फरारबाईंच्या शाळा पाहून त्यांना मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली. १८४८ मध्ये भिडेवाड्यात काय झालं, ते तुम्हाला माहीतच आहे.

पंडिता रमाबाईंचं तर अजून भारी. १८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. तिथे त्यांनी बालवाडीची पद्धत शिकून घेतली. ती मूळची फ्रोबेल या जर्मन शिक्षकाची. खेळ, गाणी, ठोकळे, बाग यांतून शिकवायचं. परत येऊन मार्च १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत ‘शारदा सदन’ उघडलं. जर्मनीतली कल्पना, अमेरिकेत घेतलेलं शिक्षण आणि शिकणाऱ्या आपल्याकडच्या बालविधवा! याच बाईंनी पुढे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. जग पालथं घातलं, पण मराठी सोडली नाही. याला म्हणायचं इंटरनॅशनल.

आता दुसरी बाजूही बोलू, नाहीतर हे नुसतं कौतुक होईल. मिशनऱ्यांना धर्मप्रसार करायचा होता, हे लपवण्यात अर्थ नाही. त्यांनीही ते लपवलं नव्हतं. रमाबाई स्वतः १८८३ मध्ये ख्रिस्ती झाल्या होत्या. शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे वळताहेत, यावरून १८९३ मध्ये पुण्यात मोठं वादळ उठलं. रानडे, भांडारकरांसारखे पाठीराखे सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. उलट फुल्यांनी मिशनच्या शाळेतून शिक्षण घेतलं, बाप्तिस्मा घेतला नाही. म्हणजे शाळेने काय द्यायचं आणि आपण काय घ्यायचं, हा प्रश्न तेव्हाही होता. आज त्याला संविधानाचं उत्तर आहे. कलम ३० अल्पसंख्याकांना आपल्या शाळा चालवण्याचा हक्क देतं. आणि कलम २८ सांगतं की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसवता येणार नाही. मूल लहान असेल तर ही संमती पालकांची. दोन्ही कलमं एकत्र वाचा. शाळेला तिचा धर्म आहे, मुलाला त्याचं स्वातंत्र्य आहे.

पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे. मी ज्या शाळेत शिकलो तिथे तोंडून मराठी शब्द निघाला की एक रुपया दंड होता. दुसरी-तिसरीत असेन. सकाळच्या असेम्ब्लीत सिस्टरने हीच शोमरोन्याची गोष्ट सांगितली. दुपारी आजी विसरलेला डबा घेऊन गेटवर आली. नऊवारी, डोक्यावर पदर. तिने मोठ्याने हाक मारली. बाजूला मॉनिटर उभा होता. मी आजीशी एक शब्द बोललो नाही. डबा घेतला, मान हलवली आणि पळालो. खिशात रुपया होता, बरं का. दंडाची भीती नव्हती, लाज वाटली होती. वाटेत पडलेल्या माणसाच्या कडेने निघून जाणारा तो याजक त्या दिवशी मी होतो.

सिस्टर वाईट नव्हत्या. गोष्ट तर सोन्यासारखी होती. पण शाळेची गोष्ट एक सांगत होती आणि शाळेचा नियम दुसरंच शिकवत होता. लहान मुलं गोष्टी विसरतात, नियम लक्षात ठेवतात. ज्या शाळेत स्वतःच्या आजीची भाषा परकी ठरते, तिथलं मूल फ्रान्सच्या मुलाशी मैत्री कशी करणार? ते फक्त त्याच्यासारखं दिसायला शिकेल.

म्हणून दोस्तांनो, यापुढे भावंडासाठी, भाचीसाठी किंवा नोकरीसाठी कुठल्याही शाळेत गेलात, तर पाटी वाचून भारावून जाऊ नका. ती ख्रिस्ती असो, हिंदू असो, मुस्लिम असो की झेडपीची. तीन गोष्टी विचारा. इथली मुलं गेटवरच्या वॉचमनकाकांना नावाने ओळखतात का? मधल्या सुट्टीत मूल घरच्या भाषेत बोललं तर काय होतं? आणि वेगळ्या धर्माचं मूल प्रार्थनेला गप्प उभं राहिलं तर त्याच्याकडे कुठल्या नजरेने बघतात? या तिन्हींची उत्तरं चांगली आली, तर ती शाळा इंटरनॅशनल आहे, मग तिची पाटी गंजलेली का असेना.

आजी आता नाही. पण गेटवर आजही कुणाची तरी आजी डबा घेऊन उभी असेल. तिच्या नातवाला मोकळेपणाने ‘ओ’ देता आली पाहिजे. तेवढं बघा.