कप सारखाच, आत दुधाची मलई की पामतेल?

वर्धा : मे महिन्यात पारा 45 अंशांकडे सरकला की वर्ध्यात संध्याकाळी आईस्क्रीमच्या दुकानांत गर्दी होते. कप निवडला जातो फ्लेव्हर आणि किंमत पाहून. त्यावर बारीक अक्षरांत 'फ्रोझन डेझर्ट' लिहिले आहे का, हे फार कमी लोक बघतात.

फरक काय?

एफएसएसएआयच्या नियमानुसार साध्या आईस्क्रीममध्ये किमान 10 टक्के स्निग्धांश हवा आणि तो दुधाचाच हवा. कुल्फीलाही हाच नियम. फ्रोझन डेझर्टमध्ये मात्र पामसारखे वनस्पती तेल चालते. त्यात दूध नसतेच, हा गैरसमज आहे. दूध पावडर असते. मलईची जागा तेल घेते, कारण ते स्वस्त पडते.

म्हणून ते विष ठरत नाही. फ्रोझन डेझर्टमध्ये 'वनस्पती' असते, असे सांगणाऱ्या अमूलच्या जाहिरातींविरुद्ध हिंदुस्तान युनिलिव्हर मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. 2017 मध्ये न्यायालयाने त्या जाहिराती थांबवल्या. खाद्यतेल आणि डालडा एक नव्हे. पण आईस्क्रीम समजून दुसरेच विकत घेणे, ही ग्राहकाची फसगतच.

हवेचेही पैसे

कपावर ग्रॅम नाही, मिलिलिटर असते. मिश्रण घुसळताना त्यात हवा भरते. नियमाने एक लिटर आईस्क्रीमचे वजन किमान 525 ग्रॅम हवे, म्हणजे 100 मिलिलिटरचा कप 53 ग्रॅमचाही असू शकतो! मटका कुल्फी दूध आटवून, न घुसळता गोठवतात. ती दिसायला लहान, पण भरीव.

बर्फाच्या गोळ्यात दुधाचा प्रश्नच नाही, प्रश्न पाण्याचा. न खाण्याचा बर्फ निळसर असावा, असा नियम राज्यात 2018 मध्ये आला. गाडीवर निळसर लादी दिसली तर गोळा नकोच.

आर्वीच्या गवळाऊ गाईंचा आणि गोरस भांडाराचा हा जिल्हा. इथल्या ग्राहकाला तरी मलई की तेल, हे मराठीत, ठळक अक्षरांत कळायला हवे. पॅकबंद कपावर निदान बारीक का होईना, लिहिलेले असते. लग्नाच्या पंगतीत डब्यातून थेट स्कूप वाढला जातो, तिथे पाहुण्याला वाचायला काहीच नसते. केटररशी दर ठरवतानाच यजमानांनी डब्यावरचे नाव विचारून घ्यावे.