सवलतीचा हिशेब

गेल्या दिवाळीत शिरूरला एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या घरी फराळाला गेलो होतो. त्यांचा पुण्यात नोकरी करणारा मुलगा आई-वडिलांना मोबाइलवर काहीतरी दाखवीत होता. मुंबईहून गोव्याला जाणारे पांढरेशुभ्र जहाज, त्यावरचा पोहण्याचा तलाव, खाली तांबड्या अक्षरांत सवलत आणि त्याच्याही खाली उलटे धावणारे घड्याळ : ही संधी संपण्यास २ तास १४ मिनिटे शिल्लक. लग्नाला पन्नास वर्षे होत होती. गुरुजी म्हणाले, "घोडनदीच्या काठावर सगळा जन्म गेला, आता एकदा समुद्र बघू." घड्याळ थांबण्यापूर्वी मुलाने पैसे भरलेही.

ज्या समाजाने स्वतःवर सिंधुबंदी लादून घेतली (स्वातंत्र्यवीर सावरकरांनी सांगितलेल्या सात बेड्यांपैकी ती एक), त्या समाजातील शिक्षकाचे कुटुंब आज केवळ हौसेखातर समुद्रावर जाते, ही आनंदाचीच गोष्ट आहे. २०२१ च्या सप्टेंबरपासून मुंबईहून अशा सफरी नियमित निघू लागल्या, २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'क्रूझ भारत मिशन' जाहीर केले आणि २० सप्टेंबर २०२५ रोजी मुंबईच्या इंदिरा गोदीतील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. तेव्हा हा विषय केवळ श्रीमंतांचा राहिलेला नाही. शिरूर-दौंडसारख्या तालुक्याच्या गावांतील मध्यमवर्गीय घरांत तो येऊन पोहोचला आहे.

गुरुजींच्या सफरीचे पुढे काय झाले ते सांगतो. जाहिरातीतील दर माणशी होता आणि एका केबिनमध्ये दोघे धरून होता, हे ठीकच. पण बंदराचे शुल्क, कर आणि जहाजावरील सेवकांचा सेवाभार त्यात नव्हता. केबिन आतली निघाली. आतली म्हणजे जिला खिडकी नाही अशी. समुद्र पाहायला गेलेल्या माणसाला झोपताना चारी बाजूंना भिंतीच. काकूंचे गुडघे दुखतात, लिफ्टजवळची केबिन हवी होती; ते विचारणारे कोणी नव्हते आणि सांगण्याची जागाही सापडली नाही. तिकिटावर काकूंचे नाव मुलाने घरात म्हणतात तसे घातले, आधार कार्डावर वेगळे. त्या दुरुस्तीसाठी दिलेल्या क्रमांकावर मुलगा दोन दिवस ध्वनिमुद्रित आवाज ऐकत बसला. शेवटी वेगळे पैसे भरून नाव बदलले. नऊ हजारांची म्हणून जाहीर झालेली सवलत उतरत उतरत साडेतीन हजारांवर आली.

सफर वाया गेली असे मात्र मी म्हणणार नाही. उभयतांनी समुद्र पाहिला, पहाटे वरच्या मजल्यावर बसून सूर्योदय पाहिला, शाकाहारी जेवणही उत्तम मिळाले. गुरुजींची तक्रार एवढीच होती : "आपण कोणाकडून घेतले तेच कळले नाही."

या व्यवसायाचे गणित बहुतेकांना ठाऊक नसते. जहाजाचे मूळ भाडे जहाजाची कंपनी ठरवते. ते विकणारा, मग तो संकेतस्थळवाला असो वा गल्लीतला एजंट, कंपनीकडून कमिशन घेतो. सवलत देणारा बहुधा आपल्या कमिशनातला काही भाग ग्राहकाला देतो आणि हजारो तिकिटांच्या उलाढालीवर जगतो. त्यात गैर काही नाही. पण ज्या कमिशनातून एजंट तासभर बसून केबिनचा नकाशा समजावतो, आधार कार्ड ताडून पाहतो, गुडघ्यांची चौकशी करतो, त्याच कमिशनातून ही सवलत निघते. म्हणजे आपण एक सेवा परत करून तिचे पैसे घेत असतो. ज्याला ती सेवा नकोच आहे, चार वेळा जाऊन आलेल्या, इंग्रजीतील अटी वाचू शकणाऱ्या तरुणाने ते अवश्य घ्यावेत. सत्तरीतल्या जोडप्याने पहिल्याच सफरीत ते का घ्यावेत, हा माझा प्रश्न आहे.

दौंडच्या स्थानक परिसरात एक प्रवासी एजंट आहेत. वडिलांपासूनचे दुकान. रेल्वेचे कर्मचारी, राज्य राखीव दलाचे जवान, कुरकुंभच्या कारखान्यांतील अधिकारी, उसाचे पैसे आल्यावर काशीला निघणारे शेतकरी असे सगळे त्यांचे गिऱ्हाईक. ऑगस्ट २००२ मध्ये रेल्वेची तिकिटे इंटरनेटवर मिळू लागली, पुढे २००८ च्या सुमारास विमान कंपन्यांनी एजंटांचे कमिशन बंद करीत आणले. दोन्ही धक्के त्यांनी सोसले. त्यांच्या दुकानात बसलो असताना एका कुटुंबाला ते सांगत होते : तुमची गाडी दौंड जंक्शनला येत नाही, कॉर्ड लाइनच्या स्थानकावर थांबते, रिक्षा आधी सांगून ठेवा. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचे इंजिन उलटे लावावे लागू नये म्हणून ते वेगळे स्थानक झाले, हे गावकऱ्याला ठाऊक असते. पाहुण्याला मोबाइलवर दोन सारखी नावे दिसतात आणि गाडी चुकते. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा एका यात्रेचे आगाऊ पैसे त्यांच्याकडे आलेले होते, त्यातले निम्मे हॉटेलांकडे अडकलेले. यात्रेकरूंना त्यांनी हप्त्याहप्त्याने सर्व रक्कम परत केली. कारण विचारले तर म्हणाले, "रोज त्याच रस्त्याने जायचे असते."

आपल्याकडे ही परंपरा जुनीच आहे. त्र्यंबकेश्वरी वा हरिद्वारी गेलेल्या माणसाचे गाव आणि आडनाव सांगताच तीर्थोपाध्याय वही काढून पणजोबांचे अक्षर दाखवीत. राहण्या-जेवण्याची, विधीची सोय तोच करी. त्या व्यवहाराला पिढ्यांची स्मृती होती. (दक्षिणेवरून होणाऱ्या घासाघिशीच्या कथाही आपण ऐकल्या आहेत, त्या विसरण्याचे कारण नाही.)

तथापि जुने ते विश्वासाचे, असे सोपे समीकरण मांडून चालणार नाही. १७५८ पासूनचा वारसा सांगणारी कॉक्स अँड किंग्ज ही कंपनी २०१९ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि कित्येकांचे आगाऊ भरलेले पैसे बुडाले. त्याच वर्षी २३ सप्टेंबरला ब्रिटनमधील थॉमस कूक कोसळली. १८४१ साली एक शिलिंगात लीस्टरहून रेल्वेची सहल नेणाऱ्या गृहस्थाची ही कंपनी. (भारतातील त्या नावाची कंपनी तेव्हा वेगळ्याच मालकीची होती, तिला झळ लागली नाही.) पण तेथे १९७३ पासून प्रवाशांच्या संरक्षणाची योजना आहे, म्हणून सुमारे दीड लाख पर्यटकांना सरकारी व्यवस्थेने घरी आणले. आपल्याकडे पर्यटन मंत्रालयाची मान्यता ऐच्छिक आहे. कोणीही उद्या फलक लावून यात्रा काढू शकतो. जहाजांचेही तेच. 'कर्णिका' हे जहाज घेऊन २०१९ मध्ये सुरू झालेली जलेश क्रूझेस ही कंपनी २०२० मध्ये बंद झाली आणि ते जहाज अलंगला भंगारात गेले. तेव्हा विक्रेता कितीही सज्जन असला तरी मूळ कंपनी कोणती, हे विचारलेच पाहिजे.

गावातल्या एजंटांचे दोषही झाकून ठेवू नयेत. पावती मागितली की पुष्कळांच्या कपाळावर आठी येते. रोख घ्यायचे आणि वहीत लिहून ठेवायचे. कोणत्या हॉटेलकडून काय मिळते ते सांगायचे नाही. ओळखीचा माणूस म्हणून ग्राहकही अटी विचारत नाही आणि मग ओळखच अडचणीची होते, कारण भांडायचे कसे?

कायदा आज ग्राहकाच्या बाजूने बराच सरकला आहे. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार शिरूरचा माणूस आपल्याच जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे पुण्यात, तक्रार दाखल करू शकतो. विक्रेता दिल्लीचा असला तरी. संकेतस्थळावरून विकणाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करावे, असा नियम आहे. ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी तर खोटी घाई लावणे आणि दर तुकड्यातुकड्याने उघड करणे या दोन्ही प्रकारांना मनाई केली आहे. गुरुजींच्या मोबाइलवरचे ते घड्याळ आठवा. पण कायदा असणे आणि सत्तरीतल्या माणसाने पुण्याच्या फेऱ्या मारणे यात अंतर आहे. करोनाकाळातील विमान तिकिटांचे पैसे परत करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी दिला. तरी एका मोठ्या संकेतस्थळाकडे सुमारे अडीच कोटी रुपये २०२४ च्या जूनपर्यंत थकलेलेच होते आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पुन्हा आदेश काढावा लागला.

बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम उभे केले, ते एकटा ग्राहक दुबळा असतो हे ओळखून. प्रवासाच्या बाबतीत आपण तो धडा विसरलो आहोत. शाखेतील, भजनी मंडळातील वा सोसायटीतील आठ-दहा कुटुंबांनी एकत्र येऊन एकाच एजंटाकडे गेले, तर समूहाचा दर मागता येतो. जहाज कंपन्या असे दर देतातही. सर्व कर धरून एकूण रकमेचे लेखी पत्रक, केबिनचा प्रकार, रद्द केल्यास कोणत्या तारखेपर्यंत किती परत, आणि पैसे शक्यतो बँकेतून : एवढे ठरवून घेतले की ओळखीवर भार पडत नाही. असा मेळ घातला तर गावातला दर मोबाइलवरील सवलतीच्या पुष्कळ जवळ येतो.

एक कबुली द्यावयाची राहिली. काही वर्षांपूर्वी दक्षिणेतील यात्रेसाठी मी दौंडच्या याच दुकानात दीड तास बसलो. कोणती गाडी, रामेश्वरला कुठे उतरावे, कन्याकुमारीला किती दिवस ठेवावेत, सारे त्यांनी कागदावर लिहून दिले, चहा पाजला. घरी आलो आणि तोच कागद समोर ठेवून मुलीकडून मोबाइलवर आरक्षण करून घेतले. अकराशे रुपये वाचले. दुकानात बसणारे निम्मे लोक हेच करतात, हे पुढे त्यांच्याच बोलण्यातून कळले. रागाने नव्हे, हवामान सांगावे तसे त्यांनी ते सांगितले. माझे नाव घेतले नाही. त्यांचा मुलगा कुरकुंभला नोकरी करतो, दुकान पुढे चालवण्याचा त्याचा विचार नाही.

गुरुजींना आता अंदमानला जायचे आहे, सेल्युलर जेल पाहण्यासाठी. आम्ही सहा कुटुंबे झालो आहोत. पुढच्या रविवारी दौंडला जाणार आहोत आणि या खेपेस सल्ल्याचे पैसे आधी ठेवणार आहोत.