पिकअपची मोठी चाके

आमच्या टेमघरात घराघरांपुढे पिकअप उभ्या दिसतात. कुणाची यंत्रमागाचे ताके नेते, कुणाची काल्हेर-पूर्ण्याच्या गोदामांतला माल. सध्या तरुण मुलांना हौस आहे ती या गाड्यांना रुंद टायर आणि चकचकीत अलॉय चाके लावण्याची. हौसेला माझा विरोध नाही. पण गाडीचा हप्ता ज्या घरातून जातो, त्या घरातल्या अम्मीने आणि भाभीनेही हा हिशेब एकदा पाहावा.

समजा, गाडीचा टायर 195/80 आर 15 आहे. 195 ही मिलिमीटरमध्ये रुंदी, तिच्या 80 टक्के टायरची उंची आणि 15 इंचांची रिम. म्हणजे पूर्ण चाक सुमारे 693 मिलिमीटर. त्याजागी 235/75 आर 15 घातला तर चाक होते 733. वाढले 40, पण गाडी जमिनीपासून उचलली जाते त्याच्या निम्मी, फक्त दोन सेंटिमीटर! एवढ्यासाठी पाच-सहा टक्के मोठे चाक इंजिनाला ओढावे लागते. भरलेली गाडी कसारा घाटात लवकर दमते, ब्रेकवर ताण येतो आणि स्पीडोमीटर 60 दाखवतो तेव्हा खरा वेग 63 च्या पुढे असतो. मीटर किलोमीटरही कमी नोंदतो, त्यामुळे अ‍ॅव्हरेज बिघडले की मीटर, हेही कळत नाही.

खरी गोम वेगळीच आहे. स्वस्तात मिळणारे रुंद टायर बहुधा प्रवासी गाड्यांचे, तेही वापरलेले. टायरवर मापाच्या पुढे भाराचा आकडा असतो. 100 म्हणजे एका टायरवर 800 किलो, 106 म्हणजे 950. दिसायला दांडगा टायर या आकड्यात जुन्यापेक्षा कमी भरू शकतो, आणि आपल्याकडे माल किती भरतात ते सांगायला नको. शेवटचे चार आकडेही वाचावेत: 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. रबर उभ्या उभ्याही म्हातारे होते.

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार कंपनीने ठरवलेल्या रचनेत मनाने बदल करता येत नाही. अपघात झाला तर विमा कंपनीला हरकत घ्यायला निमित्त मिळते. मोठे माप घ्यायचेच असेल, तर त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनीने जे दिले आहे तेवढेच घ्यावे, आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर कुठे घासत नाही ना, ते पाहावे.

पैसे मोजकेच असतील तर माझे मत सरळ आहे. अलॉय राहू द्या. मूळ मापाचे, मालवाहू गाडीचे नवे टायर आधी पुढे घाला. पुढच्या चाकांना रिमोल्ड नकोच. उरलेल्या पैशांत व्हील अलाइनमेंट करून घ्या.

आणि दुकानदार चार चाकांचा भाव सांगतो, तेव्हा स्टेपनीचे विचारा. माप बदलले की पाचवे चाकही बदलावे लागते.